लॉनसाठी कोणतं गवत लावावं? सांगली, काळी माती, बोअरचं पाणी

नवं_घर_सांगली

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत आमच्या घराचं काम संपत आलंय. पुढे पूर्वेच्या अंगाला साधारण अर्धा गुंठा जागा मोकळी सोडली आहे, तिथे लॉन करायचं ठरलंय. अडलंय ते गवत कोणतं लावायचं यावर.

ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. बांधकामवाले म्हणतात मेक्सिकन लावा, दिसायला एक नंबर. एका रोपवाटिकेत 'सिलेक्शन वन' सुचवलं. भावजयीकडे पुण्याला रुंद पानाचं गवत आहे, ते सावलीतही येतं म्हणाली. शेजारी तर म्हणाले, प्लॅस्टिकचं अंथरा आणि मोकळ्या व्हा.

माती आपली नेहमीची काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. पाणी बोअरचं, नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो. नैऋत्येच्या कोपऱ्यात जुना कडुनिंब आहे, तो तोडायचा नाही. मुलगा आणि त्याचे मित्र रोज संध्याकाळी खेळणार, सासूबाई सकाळी अनवाणी चालणार, घरात कुत्राही आहे. माळी आठवड्यातून एकदाच येऊ शकेल.

बी मागवू, काड्या लावू की तयार गादी आणू, हेही सांगा.

माहुलीकर

ताई, आधी ऊन किती तास येतं ते सांगा. मे महिन्यातलं नको, डिसेंबरातलं सांगा, तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावल्या लांब पडतात. कडुनिंबाची सावली किती वाजता कुठवर येते ते चुन्याच्या रेघेनं आखून बघा. गवताचं नाव त्यानंतर.

नवं_घर_सांगली

आखून बघितलं. मधल्या मोठ्या भागात सकाळी आठच्या सुमारास ऊन येतं आणि दोन-अडीचपर्यंत थेट राहतं. कडुनिंबाखाली दिवसभर नुसते कवडसे. कंपाउंडच्या दक्षिण भिंतीलगत एक अरुंद पट्टी आहे, तिथे तीन-चार तास ऊन असावं.

वेण्णाकाठ

उन्हाचा हिशेब लागला म्हणजे निम्मं काम झालं. मी साताऱ्यात बरीच वर्षं बागांची कामं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोपवाटिकेतली नावं ही दुकानातली नावं आहेत. मेक्सिकन, कोरियन, कार्पेट, बफेलो, यांतलं एखादं नाव कराडात एका गवताला असतं आणि मिरजेत दुसऱ्याच. नाव विचारून गवत आणू नका. हातात घ्या, काडी सोलून बघा आणि मगच पैसे द्या.

पहिली आपली हरळी, म्हणजे दूर्वाच. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, बाहेरच्या देशांत बर्म्युडा म्हणतात. हिला जमिनीवर पळणारा देठ असतो आणि जमिनीखालून धावणारं पांढरट, टोकदार खोडही असतं. ही दोन्हीकडून पसरते, म्हणून तुडवली, खणली, करपली तरी परत फुटते. 'सिलेक्शन वन' हे हिच्याच जातीतलं बारीक पानाचं, आखूड पेरांचं निवडलेलं वाण. साध्या हरळीचं लॉन थोडं विरळ आणि राठ दिसतं, सिलेक्शनचं दाट बसतं. हिची अट एकच, थेट ऊन. सहा तासांच्या खाली ऊन गेलं की ती उंच, किडकिडीत होते आणि हळूहळू जागा सोडते.

दुसरं झॉयशिया कुळातलं गवत. आपल्याकडे मेक्सिकन आणि कोरियन या नावांखाली बहुतेक हेच मिळतं. पानं सुईसारखी आणि ताठ, हात फिरवला तर टोचल्यासारखं वाटतं, पण गादी दाट आणि दबणारी होते. थोडी सावली सोसतं. वाढ अतिशय संथ. कापायला कमी लागतं हा त्याचा गुण, आणि एकदा खड्डा पडला की भरायला महिनेच्या महिने घेतं हा दोष. अगदी बारीक पानाचा प्रकार वर्षानुवर्षं न कापता ठेवला तर त्याचे उंचवटे होतात. काहींना ते आवडतात, पण त्यावर मुलांचे पाय मुरगळतील.

तिसरं रुंद पानाचं. तुमच्या भावजयींकडे आहे ते सेंट ऑगस्टीन असेल नाहीतर अॅक्सोनोपस. दोन्हींना आपल्याकडे बफेलो म्हटलं जातं. सावलीत चांगलं येतं, पण ओल सतत लागते. अॅक्सोनोपसला तर कोकणासारखी दमट हवा आणि आम्लधर्मी जमीन मानवते. सांगलीच्या चुनखडीच्या काळ्या मातीत आणि खारट पाण्यात ते पिवळं पडतं.

ऑनलाइन मिळणाऱ्या बियांच्या पाकिटांवर केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, रायग्रास अशी नावं असतील तर हात लावू नका. ही थंड हवामानातली गवतं. त्यांची वाढ साधारण 15 ते 24 अंशांत चांगली होते. आपली हरळी आणि झॉयशिया 27 ते 35 अंशांत जोमानं वाढतात. सांगलीचा पारा एप्रिल-मेमध्ये 40 च्या आसपास असतो. पाकिटावरचा फोटो कितीही सुंदर असला तरी ते गवत पहिल्याच उन्हाळ्यात जातं.

तुमच्या मधल्या भागाला माझं उत्तर सरळ आहे, सिलेक्शन वन. मुलं रोज खेळणार असतील तर जे गवत झिजल्यावर लवकर भरून येतं तेच हवं, आणि त्यात हरळीचा हात कुणी धरत नाही.

इस्लामपूरची_बाग

मी मेक्सिकनच्या बाजूनं बोलते. आमच्याकडे ते दाराच्या पुढच्या छोट्या जागेत आहे आणि आम्ही त्यावर खूश आहोत. पावसाळ्यात हरळीचं लॉन दर आठवड्याला कापावं लागतं, आमचं महिन्याकाठी एकदा कापलं तरी चालतं. पाहुणे थांबून हात लावून बघतात. घरात लहान मुलं नाहीत, कुणी पळत नाही. ताईंचा माळी आठवड्यातून एकदाच येणार असेल तर याचाही विचार व्हावा.

वेण्णाकाठ

तुमच्या जागेला ते अगदी योग्य आहे, मीही तेच लावलं असतं. बघायच्या लॉनला झॉयशिया, खेळायच्या लॉनला हरळी. क्रिकेट म्हटलं की फलंदाज रोज एकाच जागी टाच घासणार, ती जागा झॉयशियाला भरून काढता येणार नाही. आठवड्यातून एकदा माळी हरळीला पुरतो. सप्टेंबरनंतर वाढ मंदावते, थंडीत तर आणखी कमी.

आटपाडीचा_माळ

मी दुष्काळी भागातला माणूस, म्हणून पाण्याचं बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे, जतला आणि माणदेशात वर्षाला 500 मिलीमीटरच्या आसपास पाऊस. सांगली शहरात थोडा बरा, पण मार्च ते मे तिथेही कोरडेच.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. अर्धा गुंठा म्हणजे सुमारे 50 चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात गवत हिरवंगार ठेवायचं तर दिवसाला 5 मिलीमीटर धरा. म्हणजे रोज 250 लिटर, महिन्याला साडेसात हजार. बोअर आटलं तर दर महिन्याला टँकर, आणि तोही कुठल्यातरी गावच्या विहिरीतनं भरलेला.

लॉन करू नका असं मी म्हणत नाही. पण हे गणित घरातल्या सगळ्यांनी आधी मान्य केलेलं असावं. आणि हरळी निवडण्याचं माझं कारणही हेच. पाणी तोडलं तर ती पिवळी पडते, वरून मेल्यासारखी दिसते, खाली जिवंत राहते आणि वळवाच्या पहिल्या पावसात फुटते. आमच्या माळावर मे महिन्यात बघा, काही दिसत नाही. मृग लागला की बांध हिरवा. जे गवत आपल्या उन्हाळ्यात झोपू शकतं तेच आपल्याकडे लावावं. उन्हाळ्यात दोन महिने अंगण पिवळं दिसलं तर दिसू द्या. आठ-दहा दिवसांतून एकदा, मुळं जगतील एवढं पाणी द्या, पुरे.

नवं_घर_सांगली

पाण्याचा हिशेब घरात वाचून दाखवला. सासरे म्हणाले, उन्हाळ्यात पिवळं झालं तर होऊ दे, टँकर मागवायचा नाही. म्हणजे तो मुद्दा मिटला. पण खारट पाण्याचं काय? नळाला जो थर चढतो तो गवताच्या मुळाशी जाऊन बसणारच ना?

पलूसचा_ऊस

हे आमच्या रोजच्या जगण्यातलं आहे ताई, म्हणून मी सांगतो. मिरज, वाळवा, पलूस, तासगाव या पट्ट्यात पाटपाण्यानं आणि निचऱ्याअभावी हजारो एकर जमीन क्षारपड झाली आहे. सकाळी रानात गेलं की वाफ्यावर पांढरं फुललेलं दिसतं. अशा रानात ऊस खुरटतो, सोयाबीन उगवत नाही, पण हरळी असते. क्षार सोसण्यात ती पक्की.

पण गवत सोसतं म्हणून माती बिघडू द्यायची नाही. दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. तोटीवरचा पांढरा थर बहुतेक चुन्याचा, कॅल्शियमचा असतो. तो दिसायला वाईट, पण गवताला मारत नाही. खरा शत्रू सोडियम. तो जास्त झाला की काळी माती चोपण होते. पाणी मुरत नाही, वर साचून राहतं, वाळल्यावर दगड होते. डोळ्यांनी हे ओळखता येत नाही. म्हणून माती आणि बोअरचं पाणी दोन्ही तपासून घ्या. कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. अहवालात क्षारता, सामू (म्हणजे pH) आणि सोडियम तेवढं बघा. सोडियम जास्त आला तरच जिप्सम, म्हणजे चोपण माती सुधारायला घालतात ती भुकटी, तेही अहवालात सांगतील तेवढंच. शेजाऱ्यानं टाकलं म्हणून आपण टाकायचं नाही.

निचरा मात्र अहवालाची वाट न बघता करा. घराकडून रस्त्याकडे मीटरला एक-दोन सेंटीमीटर उतार ठेवा. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा चार दिवसांनी भरपूर द्या. रोजच्या शिंपडण्यानं क्षार वरच्या दोन बोटं मातीतच साठतात. आणि काळी माती पाणी सावकाश पिते, म्हणून एकदम सोडू नका. थोडं सोडा, अर्धा तास थांबा, परत सोडा. साठलेले क्षार धुऊन न्यायचं काम पावसाळा करतो, पण पाण्याला बाहेर जायला वाट असेल तर.

आणखी एक. आपल्या चुनखडीच्या रानात गवत पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर तो केवडा. उसावर येतो तोच. लोह मुळाशी असतं पण पिकाला घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला पाच ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारायचं. त्या वेळी युरिया टाकून उपयोग नाही. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

माहुलीकर

पाणी फारच खारट निघालं तर पॅस्पॅलम नावाचं गवत आहे, समुद्राकाठच्या गोल्फ मैदानांवर वापरतात. क्षार सोसण्यात ते हरळीच्याही पुढे. पण आपल्या भागात खात्रीचं मिळणं अवघड आणि निगाही जास्त. अहवाल अगदीच वाईट आला तरच त्याच्या मागे लागा.

गावभागातला

सांगलीत राहून पुराचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो. विश्रामबाग उंचावर आहे, पण हा धागा वाचणारे नदीकाठचेही असतील. 2019 च्या पुरात आमचं अंगण पाण्याखाली होतं. पाणी ओसरलं तेव्हा वर गाळाचा जाड थर आणि कुजका वास. गुलाब, जास्वंद, कढीपत्ता सगळं गेलं. ओल्या गाळात पाय टाकायची घाई केली नाही. वरचा थर थोडा वाळून पापुद्रे सुटल्यावर फावड्यानं अलगद काढला, पाण्याच्या जोरानं उरलेला धुतला. खाली हरळीच्या काड्या काळसर पडल्या होत्या, पण पेरापेरातून पांढरे कोंब निघत होते. दसऱ्यापर्यंत बराच भाग हिरवा झाला. हरिपूरच्या संगमापासून वर आयर्विन पुलापर्यंत ज्यांची घरं काठाला आहेत त्यांनी दुसऱ्या कुठल्या गवताचा विचार करू नये असं मला मनापासून वाटतं.

बागवेडी_कराड

प्लॅस्टिकच्या गवताबद्दल कुणी बोललं नाही. ताई, ते गच्चीवर किंवा बाल्कनीत एक वेळ ठीक, पण पूर्वेच्या उघड्या अंगणात नको. उन्हात ते खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. सासूबाई अनवाणी चालणार म्हणता, एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर त्यावर पाऊल टेकवणार नाही. खरं गवत पानांतून पाणी सोडतं म्हणून थंड राहतं. शिवाय खालची माती गुदमरते, गांडुळं जातात, आणि काही वर्षांनी त्याचे धागे तुटून सगळीकडे पसरतात. कुत्र्याच्या मुताचा वास त्यात बसतो तो वेगळाच.

कुत्रा खऱ्या लॉनवरही डाग पाडतो, हे खरं. मुतातला नत्र आणि क्षार एका जागी पडला की मध्ये जळलेलं आणि कडेनं गर्द हिरवं कडं दिसतं. लगेच तांब्याभर पाणी ओतलं तर काही होत नाही. सवय लागली तर एका कोपऱ्यात वाळू टाकून तीच जागा द्या.

आणि कडुनिंबाखाली गवताचा हट्ट धरू नका. तिथे सावली आहे, शिवाय झाडाची मुळं वरचं पाणी ओढतात. लोक दरवर्षी तिथे नवी गादी आणून टाकतात आणि ती दरवर्षी जाते. त्या गोलात मोंडो ग्रास लावा, दिसतं गवतासारखं पण गवत नाही, सावलीत सुखी असतं. नाहीतर जांभळ्या पोटाच्या पानांचा ऱ्हिओ. वेडेलिया मात्र नको. पिवळ्या फुलांना भुलून लावतात आणि मग ते सगळीकडे घुसतं. काहीच नको असेल तर पडलेला पाला तसाच राहू द्या आणि एक बाक टाका.

नवं_घर_सांगली

बाकाची कल्पना घरात सगळ्यांना आवडली! झाडाखाली मोंडो आणि बाक, मध्ये सिलेक्शन वन. दक्षिण भिंतीलगतच्या पट्टीचं काय करू? आणि लावायचं कसं?

वेण्णाकाठ

भिंतीलगत तीन-चार तास ऊन म्हणजे हरळी रुसणार. तिथे झॉयशिया चालेल, पण मग दोन गवतांच्या मध्ये पक्की आडकाठी लागेल, नाहीतर हरळी वर्षा-दोन वर्षांत त्यात शिरेल. माझं मत विचाराल तर ती पट्टी वाट करा. शहाबादी फरशा अंतरानं बसवा, मुलांच्या सायकली तिथून जातील.

आडकाठी एरवीही लागणारच. हरळी म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते ती उगाच नाही. फुलझाडांच्या वाफ्याकडेनं विटा उभ्या गाडा, जमिनीत निदान वीतभर जातील अशा, आणि वर दोन बोटं राहू द्या. तरीही एखादा देठ वरून उडी मारतो, तो महिन्यातून एकदा विळ्यानं छाटायचा.

आता लागवड. सगळ्यात जास्त कष्ट गवत लावण्यात नसतात, जमीन तयार करण्यात असतात, आणि लोक नेमके तिथेच घाई करतात. बांधकाम नुकतंच झालंय म्हणजे मातीत सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, वाळू, चुना असणार. 20 ते 25 सेंटीमीटर खणून हे सगळं काढा. आणि खणताना लव्हाळा शोधा.

लव्हाळ्याचं जरा नीट सांगतो, कारण काळ्या रानातली लॉनं यानंच जातात. वर दिसतात तीन कडांच्या दांड्यावरची चकचकीत पानं. ती उपटली की हातात फक्त पात येते. खाली हरभऱ्याएवढी काळी गाठ असते, तिच्यातून तारेसारखा धागा निघून दुसऱ्या गाठीला जातो, तिथून तिसऱ्या. वरची तोडली की खालची झोपलेली जागी होते. म्हणून कुदळीनं ओली माती उलटी करून धागा धरत धरत सगळी माळ काढायची. मग पाणी द्यायचं, आठ-दहा दिवस थांबायचं, उगवलेलं परत खणायचं. असं निदान तीनदा. एप्रिल-मेमध्ये जमीन भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरलं तर घोळ, केना, गाजरगवत यांचं बी भाजून निघतं. लव्हाळा मात्र त्यानंही पुरता मरत नाही, त्याला खणणंच.

पलूसचा_ऊस

उसातल्या लव्हाळ्याला आम्ही हॅलोसल्फ्युरॉन मारतो, त्यानं चांगला जातो. पण औषधाच्या लेबलावर पीक ऊस आहे, अंगण नाही. जिथं पोरं लोळणार तिथं कुदळच बरी.

वेण्णाकाठ

पूर्ण सहमत.

खत म्हणून शेणखत, पण वर्षभर कुजलेलं, हातात घेतल्यावर भुसभुशीत आणि वास नसलेलं. अर्धवट कुजलेल्या खतातून तणांचं बी येतं आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळीही. चाळूनच टाका. भारी मातीत थोडी जाडी वाळू मिसळली तर मुरतं असं म्हणतात, पण थोडी वाळू काळ्या मातीत घालून काही होत नाही. त्यापेक्षा शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत वाढवा.

बी, काडी की गादी? सिलेक्शनचं खात्रीचं बी मिळत नाही, ते काड्यांनीच वाढवतात. बर्म्युडाचं म्हणून पाकिटात येतं ते वेगळं वाण असतं. शिवाय बी इतकं बारीक की जोराचा पाऊस आला तर सगळं एका कोपऱ्यात जमा होतं. साताऱ्याच्या पश्चिमेला, कास-मेढ्याकडे तर बियांचा विचारच नको. गादी महाग, पण आजच्या आज हिरवं. ती कुठल्या मातीत वाढवली आहे ते बघा. तांबड्या मातीची गादी काळ्या मातीवर टाकली तर मुळं खाली उतरायला कुचराई करतात. आणि गादीच्या खालच्या बाजूनं लव्हाळ्याच्या गाठी तपासल्याशिवाय गाडीतून उतरवू नका.

माझी पसंती काड्यांना. दोन पद्धती आहेत. एक म्हणजे टोचणी. दोन-तीन पेरांच्या काड्या हाताच्या चार बोटांच्या अंतरानं तिरप्या टोचायच्या, टोक तेवढं बाहेर. दुसरी थापणी. काड्यांचे बोटभर तुकडे करायचे, माती आणि शेण पाण्यात सरबरीत कालवायचं, त्यात तुकडे मिसळायचे आणि चिंब भिजवलेल्या सपाट जमिनीवर इंचभर थर हातानं थापत जायचं. वर भुरभुर कोरडी माती. अंगण सारवायची सवय असलेल्या बायका हे काम इतकं सफाईनं करतात की बघत राहावं. दाट येतं आणि काड्याही कमी लागतात.

पहिली कापणी गवत दोन-अडीच इंच झालं की, तीही वरची फक्त एक तृतीयांश. हा नियम कायमचा. एकदम तळापर्यंत कापलं की मुळं उपाशी मरतात. यंत्राचं पातं धारदार ठेवा, बोथट पात्यानं शेंडे फाटून दुसऱ्या दिवशी सगळं लॉन करडं दिसतं.

बागवेडी_कराड

ताई, कडुनिंब आहे म्हणून हुमणीचं लक्षात ठेवा. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर बसतात, पाला खातात आणि मग खाली मातीत अंडी घालतात. अंधार पडल्यावर फांद्या हलवायच्या, खाली पडलेले गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकायचे. शेजारीपाजारी सगळ्यांनी केलं तर फरक पडतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी असूनही चट्टे पिवळे पडले, साळुंक्या आणि बगळे तिथेच टोचू लागले आणि गवत चटईसारखं सुटून हातात आलं, तर खाली पांढरी, इंग्रजी सी आकाराची अळी सापडणारच. मेटारायझियम ही बुरशी शेणखतात मिसळून पाऊस असतानाच टाकली तर चांगली लागू पडते.

इस्लामपूरची_बाग

एक विचारू का? हे सिलेक्शन गणपतीला चालतं का? आमच्याकडे भाद्रपदात दूर्वा शोधत फिरावं लागतं.

वेण्णाकाठ

दूर्वाच आहेत त्या. पण कापत राहिलात तर लांब कोंब मिळणार नाहीत. एका कडेची दोन हात जागा श्रावणापासून कापू नका, तीन पानांचे कोवळे कोंब भरपूर येतात, एकवीस-एकवीसच्या जुड्या सहज होतात. त्या भागात कुठलंही औषध आणि युरिया नको, आणि कुत्र्याला तिकडे फिरकू देऊ नका. सिलेक्शनपेक्षा बांधावरची साधी हरळी जुडीला बरी, तिची पेरं लांब असतात. कडेला तिच्याच चार काड्या लावल्या तर उत्तम.

नवं_घर_सांगली

सासूबाईंनी ती कडेची जागा आत्ताच ठरवून टाकली, तुळशीच्या मागची. सगळ्यांचे मनापासून आभार. माती आणि पाण्याचे नमुने उद्या देते. आता एप्रिल चालू आहे, तर खणायला आत्ता घ्यायचं आणि लावायचं कधी? युरिया किती लागेल?

वेण्णाकाठ

खणायला आत्ताच घ्या. मे संपेपर्यंत लव्हाळ्याच्या फेऱ्या आणि प्लॅस्टिक. मृगाचा पाऊस होऊन जमीन खोलवर ओली झाली आणि पावसानं थोडी उघडीप दिली की थापणी करा. सांगलीचा पाऊस साधारण झेपणारा असतो, जून अखेर ते जुलै उत्तम. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्यांनी मात्र मोठा पाऊस ओसरल्यावर, ऑगस्टच्या शेवटी लावावं.

युरिया लावताना नको. दुसऱ्या-तिसऱ्या कापणीनंतर पावशेर, पुढेही एका वेळी तुमच्या अर्ध्या गुंठ्याला अर्ध्या किलोच्या वर कधीच नाही. ओल्या पानांवर टाकू नका, आणि टाकल्या टाकल्या पाणी द्या. नमुन्यांचा अहवाल आला की इथे टाका, जिप्समचं पलूसवाले दादा बघून सांगतील.

पलूसचा_ऊस

टाका ताई. आणि नमुना एका जागचा नको, अंगणात पाच-सहा ठिकाणी वीतभर खड्डे घेऊन सगळी माती एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो द्या. पाणी देताना मोटर दहा मिनिटं चालू ठेवून मगच बाटली भरा, नाहीतर पाइपात साठलेल्या पाण्याचा अहवाल येतो.